रफिकला मांजरीत दडवला तेव्हा

क्लबात तुम्ही काय होता, असं कोणी विचारलं की मी सरळ सांगतो, सामानवाला. मग विचारणाऱ्याचा चेहरा जरा पडतो. त्याला वाटलेलं असतं, म्हातारा निदान सेंटर फॉरवर्ड तरी असेल. अहो, सेंटर फॉरवर्ड दर दोन वर्षांनी नवा येतो. आमच्या नवतारा क्लबाला सामानवाला एकच झाला. मला काढायचे ठरावसुद्धा झाले होते. ठराव करणारे गेले, मी राहिलो.

सामानवाला म्हणजे काय ते सांगतो, कारण आता चेंडूही तयार येतो आणि बूटही. आमच्या वेळचा चेंडू चामड्याचा. आत रबरी ब्लॅडर, वर बुटासारखी नाडी. पावसात भिजला की त्याचा दगड व्हायचा. नाडीची गाठ वर राहिली तर हेडर मारणाऱ्याच्या कपाळावर तिचा शिक्का उठायचा, म्हणून गाठ आत दाबून बसवायची. बुटाच्या तळाला चामड्याच्या चकत्या खिळ्यांनी ठोकलेल्या असायच्या. खेळता खेळता खिळा वर येतो आणि तळव्यात घुसतो, म्हणून मॅचच्या आधी प्रत्येक बुटात हात घालून चाचपायचं. चुन्याच्या फक्कीने मैदानाच्या रेघा मारायच्या, गोलाची जाळी बांधायची, जर्स्या धुवायच्या, हरल्यावर खेळाडू एकमेकांना ज्या शिव्या देतात त्या ऐकून घ्यायच्या. हे सगळं सामानवाल्याचं. रेघा मारायचं एक चाकाचं यंत्र क्लबाने पुढे आणलं. मी त्याला हात लावला नाही. माझी रेघ वाकडी असेल, पण ती वाकडी आहे हे दोन्ही संघांना माहीत असायचं.

हल्ली टीव्हीवर परदेशातला एखादा खेळाडू सगळी कारकीर्द एकाच क्लबात काढून निवृत्त होतो, आणि सगळं स्टेडियम उभं राहून रडतं. परवा आमचा नातूही रडला. मी म्हटलं, "तुला काय झालं रडायला?"

"आजोबा, लॉयल्टी बघा ना त्याची!"

"त्याला न राहायला काय झालं? बंगला तिथेच, गाडी तिथेच."

नातवाने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. पण मी बोललो ते खरं आहे. आमच्या क्लबात टिकून राहणाऱ्याला काय मिळायचं, तर मॅचनंतर बनमस्का आणि चहा. हरलो तर नुसता चहा.

तरी टिकणारे होते. पण टिकणारा प्रत्येक जण काही रडण्याच्या लायकीचा नसतो. आमचा लेफ्ट विंगर सायमन गुडघे गेले तरी नवतारातच होता. त्याला दुसऱ्या कुठल्या क्लबाने कधी विचारलंच नाही. त्याच्या निरोपाच्या दिवशी आमचे सेक्रेटरी लेलेकाका बोलायला उभे राहिले. हे लेलेकाका सदाशिव पेठेतले, एका शाळेत कारकून. जन्मात चेंडूला पाय लावला नाही, पण क्लब त्यांनी चालवला. सायकलच्या दांड्याला छत्री बांधून मैदानावर यायचे आणि उन्हात उभे राहून सगळ्यांचा अपमान करायचे. ते म्हणाले, "सायमन यांनी नवतारा क्लब कधीही सोडला नाही. आपण सोडावा असं सुचवणाऱ्यांचंही त्यांनी कधी ऐकलं नाही." सायमनला ते फार आवडलं. त्याने उठून काकांना मिठी मारली.

रफिक शेखची गोष्ट वेगळी. रफिकला सगळे मागत होते.

रफिक आमचा सेंटर हाफ. उंच, रुंद, आणि बोलका. मागे उभा राहून अख्खा संघ तोंडाने चालवायचा. "सायमन, घर जाना है क्या? तो जा! नाहीतर पळ!" असं चालायचं त्याचं नव्वद मिनिटं. पोटासाठी बुधवार पेठेत एका दुकानात रेडिओ दुरुस्त करायचा. एवढ्या मोठ्या पंजाचा माणूस, पण ट्रान्झिस्टरच्या पोटात बोटं घातली की सोनाराची वाटायची. लग्न झालेलं, घरी जुबेदाभाभी, पदरात लहान लेकरं, आणि दुकान दुसऱ्याचं.

आता दडवायचा प्रकार काय होता ते सांगतो. दरवर्षी लीग सुरू व्हायच्या आधी असोसिएशनच्या कचेरीत खेळाडूंची नावं घेत. खेळाडूने स्वतः जाऊन सही करायची. ज्या क्लबासाठी सही, त्या क्लबाचा तो वर्षभर. शनिवारी संध्याकाळी नावं बंद. मग त्या आठवड्यात जो तो दुसऱ्याचे खेळाडू पळवायला बघायचा, आणि म्हणून जो तो आपले खेळाडू दडवून ठेवायचा. कोणाला मावशीकडे, कोणाला शेतावर. आमच्या एका गोलकीपरला आम्ही खडकवासल्याला धरणाजवळ एका ओळखीच्या घरी ठेवला होता. बुधवारी तो पाण्यात डुंबायला गेला. ज्या क्लबापासून त्याला दडवला होता, त्याच क्लबाची सहल तिथे आली होती. त्यांनी त्याला जेवू घातलं, बसमध्ये घातलं, आणि कचेरीत नेऊन सहीसुद्धा करून घेतली. लेलेकाका एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी आपण त्याला सरळ त्यांच्याच घरी ठेवू. निदान बसचा त्रास वाचेल."

तर ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी बातमी आली की चिंचवडकडच्या एका कारखान्याचे सुर्वेसाहेब रफिकच्या दुकानावर दोनदा येऊन गेले. कारखान्याचा संघ होता आणि सुर्वे त्याचे खेळाडू जमवायचे. आणि ते खेळाडूला हार-नारळ देत नसत, नोकरी देत. कायमची. वर राहायला क्वार्टर. आमच्याकडे बनमस्का, त्यांच्याकडे क्वार्टर. रफिक गेला तर आमची मागची फळी म्हणजे उघडं दार. आदल्या वर्षीच आम्ही खालच्या गटात घसरता घसरता वाचलो होतो, आणि खाली गेलेला क्लब परत वर येत नाही, तो हळूहळू गणेशोत्सवापुरता उरतो.

लेलेकाकांनी मला बोलावलं. "अण्णा, तुमच्या भगिनी कुठे असतात?"

"मांजरीला, हडपसरच्या पुढे. शेत आहे."

"ऊस आहे?"

"ऊसच आहे."

"उत्तम. उसात काहीही दिसत नाही. रफिकना शनिवारपर्यंत तिकडे ठेवा. कारण सांगू नका. आणि शनिवारच्या आत सोडू नका, प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी."

रफिकला काय सांगायचं ते मीच ठरवलं. त्याच्या घरी गेलो आणि म्हटलं, "रफिक, माझ्या आक्काचा रेडिओ बंद पडलाय. चल, मांजरीला जाऊ. दोन दिवस हवाही बदलेल." तो आत जाऊन पिशवी भरून आला आणि म्हणाला, "चल." मला वाटलं, काय झकास जमलं.

तिथेच आमची चूक झाली. माणूस दडवायचा तर त्याला असं काम देऊ नये ज्यात तो हुशार आहे. आक्काचा रेडिओ त्याने चहा गार व्हायच्या आत बोलता केला. आक्काने तो मोठ्याने लावून ओट्यावर ठेवला. शेजारीण आली. "आक्का, तुजा वाजतोय की गं! आमचा मुका हाय वरीसभर." तिचाही झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर ओट्यावर रांग. एक जण मोटेच्या दोराला बांधलेला रेडिओ घेऊन आला होता, का बांधला होता ते त्यालाही सांगता येईना. दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, रांगेला पाणी पाजत होते.

मी आक्काला बाजूला घेतलं. "आक्का, याला दडवायला आणलाय. तू जत्रा भरवलीस."

"मंग मला आदी सांगायचं हुतं, शंकऱ्या! म्या तर आख्ख्या वाडीला सांगितलं, पुण्याचा कारागीर आलाय म्हून."

"आता सांग की गेला."

"त्यो समोर बसलाय आन मी सांगू, गेला?"

रफिक खुशीत होता. भोवती बायका, म्हातारे. प्रत्येकाशी बोलत होता. "ताई, हा रेडिओ नाही, हा तर मुंग्यांचा बंगला आहे." मी दाराशी काठी घेऊन बसलो होतो. काठी कशाला, ते मलाही ठाऊक नाही. मी असा पाच फुटाचा, आणि राखायचं होतं रफिकला.

रेडिओची कीर्ती उसातून नीट निघाली आणि हडपसरपर्यंत गेली. शुक्रवारी दुपारी एक स्कूटर आली. पांढरा शर्ट, काळा चष्मा, बगलेत ट्रान्झिस्टर. सुर्वेसाहेब! रांगेत मुकाट उभे राहिले, बरं का. दाजींनी त्यांनाही पाणी दिलं.

मी आडवा झालो. "साहेब, बंद झालं आजचं."

"एवढाच बघा हो, जरा खरखरतोय."

"सोमवारी या."

आतून रफिक ओरडला, "अण्णा, येऊ दे त्यांना."

रफिकने तो ट्रान्झिस्टर उघडला. सेल उलटे घातलेले होते. त्याने सेल काढले, सरळ घातले, झाकण लावलं आणि साहेबांच्या हातात दिला. "याला काही झालेलं नाही, साहेब. बोला."

सुर्वे बोलले. चांगले बोलले, मी त्यांना नावं ठेवणार नाही. म्हणाले, "रफिक, खेळ किती वर्षं? पाच, फार तर सहा. पुढे? दुसऱ्याच्या दुकानात बसणार? आमच्याकडे साठीपर्यंत नोकरी. मुलं कॉलनीच्या शाळेत जातील. मी उद्या दुपारी कचेरीत आहे. आत्ता माझ्याबरोबर येणार असाल तर मागे बसा."

वाडीतली सगळी माणसं ऐकत होती. आक्का दारात, हाताला पीठ. रेडिओ तेवढे बोलत होते, दोन-तीन, वेगवेगळं.

रफिकने माझ्याकडे बघितलं. "अण्णा, काय करू?"

आता इथे चांगल्या माणसाने काय म्हणावं ते मला कळत होतं. नोकरी कायमची, लेकरं लहान. म्हणावं, जा बाबा. आणि सामानवाल्याने काय म्हणावं तेही कळत होतं. म्हणावं, नको जाऊस, आम्ही बुडू. मला दोन्ही म्हणवेना. तोंडातून आलं ते असं : "लेलेकाकांनी शनिवारपर्यंत सोडू नको म्हटलंय. मी सोडत नाही."

सुर्वे हसले. "तुम्ही? यांना?"

"मी. यांना."

आणि रफिक उठला, कपडे झटकले, आणि अगदी गरिबासारखं तोंड करून म्हणाला, "ऐकलंत ना साहेब? हा सोडत नाही. मी तरी काय करणार?"

साहेब थोडा वेळ बघत राहिले. एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे. दोघांची मापं घेतल्यासारखे. मग ट्रान्झिस्टर बगलेत मारून गेले. स्कूटर उसाआड दिसेनाशी झाली तेव्हा आक्का म्हणाली, "शंकऱ्या, लई मोटं काम केलंस, का लई वाईट केलंस?" मी म्हटलं, "भाकरी कर."

जेवताना रफिक म्हणाला, "अण्णा, तुला काय वाटलं, मला कळलं नाही? रेडिओ दुरुस्तीला पुण्याहून मांजरी? तो रेडिओ तूच पिशवीत घालून माझ्या दुकानात आणला असतास."

"मग आलास कशाला?"

"घरी राहिलो असतो तर हो म्हणालो असतो. जुबेदाचंही बरोबर आहे. ती जा म्हणते." त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "पण तिथे गेलो असतो तर तिथली जर्सी घालून नवताराविरुद्ध खेळावं लागलं असतं. सायमन माझ्या अंगावर आला असता चेंडू घेऊन. त्याला मी कसा अडवू? त्याला तर कोणीच अडवत नाही, तो स्वतःच पडतो."

आम्ही दोघं हसलो. मग तो म्हणाला, "घरी काय सांगू?"

मी म्हटलं, "माझं नाव सांग. अण्णाने सोडलं नाही म्हणून सांग."

"ती तुला सोडणार नाही."

"बघू."

शनिवारी आम्ही कचेरीत गेलो. लेलेकाका पायरीवर छत्री टेकून उभे होते. "या. मला वाटलं मांजरीला शाखा काढली तुम्ही." रफिकने सही केली. त्या वर्षी आम्ही खाली घसरलो नाही, एवढंच सांगतो. शेवटच्या मॅचला रफिकच्या भुवईवर माझ्याच चेंडूच्या नाडीची गाठ लागली, रक्त आलं. गाठ मी आत दाबली होती, तो मात्र अजून नाही म्हणतो.

पुढे रफिक केस पांढरे होईपर्यंत नवताराला खेळला. कोणी त्याला परत दडवला नाही आणि कोणी परत विचारायलाही आलं नाही. सुर्वेंनी सगळीकडे सांगून ठेवलं असावं. पण गोष्ट एवढी गोड नाही. त्याच्याबरोबरचे जे कारखान्यात गेले, त्यांची पोरं कॉलनीच्या शाळेत शिकली, त्यांना पेन्शन आहे. रफिकचे रेडिओ गेले, मग टीव्ही आले, मग टीव्हीही कोणी दुरुस्त करेना. मालकाने दुकान मोबाईलच्या कव्हरवाल्याला दिलं. भाभींनी वर्षानुवर्षं साड्यांना फॉल लावले. त्यांचं घर रफिकने उभं केलं की फॉलने, हे मला कोणी विचारलं तर मी फॉलने सांगेन.

आणि भाभींनी मला सोडलं नाहीच. दर ईदला मी त्यांच्याकडे जातो. दारात पाऊल टाकलं की आतून आवाज, "आइए, आइए! आमची नोकरी अडवणारे आले! अहो, यांना खुर्मा द्या, यांनी आमच्या क्वार्टरमध्ये ऊस लावला." पाहुण्यांना माझी ओळख अशीच करून द्यायच्या. "हे शंकरअण्णा. यांनी माझ्या नवऱ्याला काठीने धरून ठेवला होता." सुना हसायच्या, नातवंडं मला भिऊन असायची. रफिक पलंगावर बसून मान हलवायचा, जणू काय करणार बिचारा. मी ऐकून घ्यायचो. शब्द दिला होता. आणि खोटं कशाला बोलू, पाच फुटाच्या माणसाबद्दल लोक असं बोलतात, त्याचं बरंही वाटायचं.

यंदाच्या ईदला गेलो. रफिकचे गुडघे आता उठू देत नाहीत, तो पलंगावरच होता. पाहुणे नव्हते, आम्ही तिघंच. भाभी नेहमीप्रमाणे सुरू झाल्या. मी वाटी घेतली आणि म्हटलं, "भाभी, बस झालं आता. म्हातारे झालो. माफ करून टाका."

त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही त्या दिवशी घरी आलात, रेडिओ दुरुस्त करायचाय म्हणालात, आठवतं? रफिकने पिशवीत काय भरलं, माहितीये? चार दिवसांच्या लुंग्या, साबण, दाढीचं सामान. एका रेडिओला इतका साबण लागतो?"

मी रफिककडे बघितलं. तो छताकडे बघायला लागला.

"आठवडाभर मी त्याला जा म्हणत होते. हा हो म्हणेना, नाही म्हणेना. जेवेना धड. मग पिशवी भरायला लागला तेव्हा समजलं. माणूस लपायला चाललाय. कारखान्यापासून नाही, माझ्यापासून. दोन लुंग्या ओल्या होत्या, त्या मीच इस्त्री फिरवून सुकवून दिल्या."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"तुमची ती उंची, त्याची ही. तुम्ही त्याला धरून ठेवलंत, हे लहान पोरालाही पटणार नाही."

"मग इतकी वर्षं तुम्ही मला का बोलत होतात?"

"नोकरी तर गेली ना? राग तर यायचाच. पोरांच्या फीचे दिवस आले की यायचा. त्याला बोलले असते तर मान खाली घालून खेळला असता, आणि तसा सेंटर हाफ काय कामाचा? तुम्ही दर ईदला आपणहून येत होतात. बसत होतात. ऐकत होतात." त्यांनी पातेल्यातला पळा उचलला. "वाटी पुढे करा."

मी वाटी पुढे केली. पण मीही गप्प बसणारा नाही. म्हटलं, "भाभी, तुम्ही काहीही म्हणा. त्या दिवशी तो स्कूटरवर बसायला गेला असता, तरी मी त्याला सोडला नसता."

पलंगावरून रफिक म्हणाला, "मग मी इतकी वर्षं दुसरं काय सांगतोय?"